जुनी चिप जुनी म्हणूनच विका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुजरातमधील साणंद आणि धोलेरा येथील चिप-प्रकल्पांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी येणारा मजकूर मी आवडीने वाचतो. या पत्राचा विषय मात्र चिपच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. ज्यांचे उत्पादन केव्हाच थांबले, पण ज्यांच्यावाचून एखादे धडधाकट यंत्र बंद पडून राहते, अशा चिप्स दुरुस्तीसाठी मिळवायच्या कुठून, आणि मिळाल्याच तर त्या आतून तशाच आहेत याची खात्री करायची कशी, हा प्रश्न आमच्या व्यवसायात रोज उभा राहतो. नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे बोर्ड दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. तो लहान आहे आणि गिऱ्हाईक प्रामुख्याने हौशी संग्राहक आहेत; परंतु ज्या बाजारावर आम्ही अवलंबून आहोत, त्यात जुन्या चिप्स घासूनपुसून नव्या म्हणून विकण्याची खोट अशी पक्की रुजली आहे की तिच्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

नव्वदच्या दशकात ज्यांची शाळेची मधली सुट्टी पार्लरमध्ये जात असे, त्यांना ‘मुस्तफा’ नक्की आठवेल. कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 साली काढलेल्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. आपल्याकडे तो त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्राच्या नावानेच ओळखला गेला. या खेळाच्या अस्सल बोर्डावर मुख्य काम 68000 या प्रोसेसरकडे, तर आवाजाचा कारभार झेड-80 या दुसऱ्या प्रोसेसरच्या कुळातल्या ‘काबुकी’ नावाच्या खास चिपकडे असतो. आवाजाचा प्रोग्रॅम रॉममध्ये (कायम राहणाऱ्या स्मृतीच्या चिपमध्ये) सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली काबुकीच्या पोटात, बोर्डावरच्या लिथियम बॅटरीच्या आधाराने टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चिपमध्ये दुसरा कोणताही बिघाड नसताना ती निरुपयोगी होते. नकली बोर्ड निघू नयेत म्हणून केलेली ही योजना होती. तिचा जाच नक्कल करणाऱ्यांपेक्षा अस्सल बोर्ड जपून ठेवणाऱ्यांनाच अधिक झाला, असे माझे मत आहे. पॅकमॅनच्या काळातल्या कितीतरी नकली बोर्डांवर खास चिप्सऐवजी बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या आयसीच (म्हणजे चिप्सच) लावलेल्या असत, त्यामुळे आज ते बोर्ड दुरुस्त करणे अस्सलापेक्षा सोपे जाते, हेही जाता जाता सांगायला हवे.

काबुकीवरचा उपाय निरनिराळ्या देशांतल्या हौशी तंत्रज्ञांनी शोधून काढला आहे. उलगडलेला प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणाऱ्या रॉममध्ये, भरायचा आणि काबुकी उतरवून तिच्या जागी साधी, चाळीस पायांची झेड-80 बसवायची. म्हणजे सगळी भिस्त अखेर त्या साध्या झेड-80 वर येते. झायलॉग कंपनीने 1976 साली बाजारात आणलेली ही चिप पॅकमॅनमध्ये एक, तर गॅलागामध्ये तीन होती, आणि स्ट्रीट फायटर 2 च्या बोर्डावर आवाजासाठीही हीच होती. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने या स्वतंत्र चिपचे उत्पादन बंद करत असल्याचे कळवले आणि शेवटच्या मागणीसाठी 14 जून 2024 ही मुदत दिली. तोपर्यंत अधिकृत वितरकाकडे नाव नोंदवून, पक्के बिल घेऊन, कारखान्यातून आलेली झेड-80 विकत घेता येत होती. आता वितरकांकडे उरलासुरला साठा असेल तो संपेपर्यंतच ही सोय आहे. पुढे सगळा व्यवहार खुल्या बाजारात जाणार आहे.

बाकीच्या चिप्सची गत याहून बिकट आहे. यामाहाची वायएम-2151 ही आवाजाची चिप, तिच्या सोबतीला लागणारी वायएम-3012, ओकीची 6295, अटारीच्या सेंटिपीड आणि टेम्पेस्ट या खेळांतली पोकी ही चिप, या साऱ्यांचे उत्पादन फार पूर्वी थांबले. विल्यम्स कंपनीच्या डिफेंडरमध्ये असलेल्या 4116 या रॅमला अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज लागतात, आणि त्यातला उणे 5 नाहीसा झाला तर पाठोपाठ रॅमही जाते. त्यामुळे बंद पडलेल्या एकेका बोर्डाला या आयसी ओंजळभर लागतात. जुने भाग परवान्याने पुन्हा बनवणाऱ्या किंवा त्यांचा साठा राखणाऱ्या अमेरिकेतल्या रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या आहेत, परंतु त्यांचे मुख्य गिऱ्हाईक मोठे उद्योग. एखाद-दुसरी चिप हवी असलेल्या कारागिराचा तिथे निभाव लागणे अवघड. 6502 या जुन्या प्रोसेसरच्या कुळातली 65सी02 वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी आजही विकते, हे खरे. पण जुन्या 6502 चा पहिला पाय ग्राउंडला जोडलेला असतो आणि नव्या चिपच्या त्याच पायावर आउटपुट येते, म्हणून ती ॲस्टेरॉइड्सच्या बोर्डावर जशीच्या तशी लावता येत नाही. काही खास चिप्सची जागा घेणारे, एफपीजीएवरचे (हवे ते काम शिकवता येणाऱ्या चिपवरचे) छोटे बोर्ड परदेशातले जाणकार तयार करतात. ते काम उत्तम असते, मात्र ते इथे येईपर्यंतचा टपालखर्च आणि कर धरले तर हिशेब अनेकदा बोर्डाच्या किमतीच्या पलीकडे जातो.

म्हणून आमचे पाय वळतात ते मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे आणि पुण्यात तापकीर गल्लीकडे. तिथले जुने दुकानदार हे या व्यवसायाचे खरे ग्रंथपाल आहेत. नुसता नंबर सांगितला की कोणत्या माळ्यावरच्या कोणत्या डब्यात ती आयसी पडली असेल हे सांगणारी माणसे अजून तिथे आहेत, आणि त्यांच्याविषयी मला तक्रार नाही. तक्रार आहे ती गेल्या काही वर्षांत सर्रास येऊ लागलेल्या एका विशिष्ट मालाविषयी, जो दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून ‘एकदम नवा, ओरिजिनल’ म्हणून दिला जातो.

हा माल होतो कसा, ते थोडे तपशिलाने सांगतो. भंगारात आलेले बोर्ड भट्टीवर किंवा तव्यावर तापवले जातात आणि सोल्डर पातळ झाले की आपटून त्यांवरच्या आयसी उतरवल्या जातात. पाय सरळ करून त्यांना नव्याने कथिल चढवले जाते. नंतर चिपच्या पाठीवरची मूळ छपाई घासून काढली जाते, घासल्याचे ओरखडे झाकण्यासाठी वर काळ्या लेपाचा हात फिरवला जातो आणि त्यावर लेझरने हवे ते नाव, हवा तो वेग आणि ताजी तारीख उमटवली जाते. एका विक्रेत्याकडून ‘नवी’ म्हणून घेतलेली अशीच एक झेड-80 मी भिंगाखाली धरली. तिच्यावर 20 मेगाहर्ट्झचा नंबर होता आणि तारखेचा आकडाही अलीकडचा होता. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस पाठीवरून फिरवताच कापूस काळा झाला आणि खाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसू लागल्या. पहिल्या पायाची खूण म्हणून साच्यातून जो गोल खळगा आलेला असतो, त्याच्या तळाशी लेप साचून राहिला होता; कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये तो खळगा स्वच्छ आणि गुळगुळीत असतो. पायांच्या कोपरावर जुन्या सोल्डरचा थर होता, जो कधीच न वापरलेल्या चिपवर असण्याचे काही कारण नाही.

पुढची तपासणी बोर्डावर केली. झेड-80 चा एक अधिकृत नोंदीत नसलेला आदेश असा आहे की त्याने पोर्टवर जुन्या एनमॉस तंत्राने बनलेली चिप शून्य पाठवते, तर नंतरच्या सीमॉस तंत्राने बनलेली चिप आठही बिट चढवून पाठवते. नाव 20 मेगाहर्ट्झच्या सीमॉस चिपचे असूनही या चिपने शून्य पाठवले. म्हणजे ती जुनी, कमी वेगाची एनमॉस चिप होती. गंमत अशी की काबुकीच्या जागी ती कदाचित चाललीही असती. तिच्यावर खरे नाव आणि खरी तारीख असती, तर काय घेतो आहोत हे मला दुकानातच कळले असते आणि मी ती खुशीने विकत घेतली असती.

अशी चिप सुदैवाने चालली म्हणून हा प्रकार निरुपद्रवी ठरत नाही. ईप्रॉमचेच पाहा. जुन्या 2732 वर प्रोग्रॅम भरताना 25 व्होल्ट द्यावे लागतात, पण तिच्याच नंतरच्या 2732ए या जातीला 21 व्होल्टच चालतात, आणि त्यानंतरच्या 27सी मालिकेला साधारण साडेबारा. दिसायला या साऱ्या सारख्याच, मधोमध काचेची खिडकी असलेल्या चिप्स. 2732ए वर 2732 असे छापले की ते वाचून कारागीर 25 व्होल्ट देतो आणि चिप जळते. साध्या लॉजिकच्या आयसीतही असेच फसायला होते. 74एचसी जातीच्या चिपला ‘वरची’ पातळी ओळखायला साधारण साडेतीन व्होल्ट लागतात, आणि जुन्या टीटीएल जातीच्या चिप्स तेवढे देतीलच असे नाही. 74एलएस या टीटीएल चिपच्या नावाने तिथे 74एचसी लावली गेली तर खेळ कधी चालतो, कधी अडकतो, आणि दुरुस्त करणारा तिसऱ्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. आधीच ऐंशीच्या दशकातल्या जपानी बोर्डांवर फुजित्सूच्या लॉजिक आयसी लॉजिक प्रोब (पायावरचा संकेत दाखवणारे पेनसारखे उपकरण) लावत एकामागून एक तपासत जावे लागते, कारण त्यांची आउटपुटे मरण्याचे प्रमाण आमच्या अनुभवात फार आहे. त्यांच्या जागी लावलेली आयसीच खोटी निघाली तर शोधाचा धागाच तुटतो. चिपची किंमत किरकोळ असेल, पण ती काढण्या-घालण्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बोर्डावरचे तांब्याचे पातळ पट्टे उचकटले जातात. ते नुकसान कोणत्याही परताव्याने भरून येत नाही.

जुन्या, काढलेल्या चिपला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. उलट, नीट उतरवलेली आणि तपासलेली वापरलेली चिप हाच या दुरुस्तीचा मुख्य आधार आहे आणि पुढेही राहील. ईप्रॉम तर पुन्हा वापरण्यासाठीच बनलेली असते. अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवली की ती कोरी होते. कोरी झाली की नाही हे प्रोग्रामर हे चिप भरण्याचे यंत्र काही क्षणांत सांगते. साध्या लॉजिक आयसी आणि लहान रॅमही त्याच प्रोग्रामरवर तपासता येतात. वायएम-2151 सारखी चिप चालत्या बोर्डावर सॉकेटमध्ये लावून ऐकता येते. कारखान्याची मूळ छपाई शाबूत असेल, तर तीवरचा आकडाही पुष्कळ काही सांगतो: 8732 म्हणजे 1987 सालचा बत्तिसावा आठवडा. बोर्डाच्या वयाशी जुळणारी चिप कोणती, कोणत्या कंपनीची कोणत्या सुमाराची चिप टाळलेली बरी, हे त्या आकड्यावरून ठरते. छपाई घासणारा माणूस ही सगळी माहिती नष्ट करतो, आणि खरे तर स्वतःच्याच मालाची किंमत कमी करतो. पाठीवर 1987 ची तारीख आणि पायांवर सोल्डर असलेली अस्सल यामाहा चिप मला ‘नव्या’ चिपच्या भावात मिळाली तरी मी घेईन, कारण तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

अशा चिप्सचा पुरवठा आपल्याकडे कमी आहे असेही नाही. बंद पडलेल्या कारखान्यांची कंट्रोल कार्डे, जुने टेलिफोन एक्स्चेंज, मोडीत निघालेली कार्यालयीन यंत्रे यांवर झेड-80, ईप्रॉम आणि 74 मालिकेतल्या आयसी पुष्कळ असतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांमुळे हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जावा अशी व्यवस्था झाली, आणि उघड्यावर बोर्ड जाळण्यापेक्षा ती शतपटीने चांगली आहे. मात्र पुनर्चक्रणाचे प्रमाणपत्र मिळते ते सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या वजनावर. चालू स्थितीत काढलेल्या चिपला त्या हिशेबात स्थान नाही. साहजिकच बोर्ड सरळ दळणयंत्रात जातो. सॉकेटमध्ये बसवलेल्या आयसी तर हत्याराने हळूच उचकल्या तरी निघतात, त्यांना उष्णताही लागत नाही. त्या दळण्याआधी वेगळ्या काढण्याचे आणि विकण्याचे काम नोंदणीकृत केंद्रांनीच केले, तर भट्टीवर तापवून उतरवलेल्या मालाला एक स्वच्छ पर्याय उभा राहील. नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याला जागा आहे, पण ती उपकरणांसाठी. सुट्या भागांनाही ती मिळावी अशी माझी विनंती आहे.

‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी सुरू केलेल्या पोर्टलचा आम्हाला उपयोग नाही, हेही नमूद करतो. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची क्षेत्रे आहेत, आणि सुटे भाग देण्यास आजच्या उत्पादकाला बांधून घ्यावे हा त्यामागचा विचार आहे. ज्या चिपचा उत्पादकच तिच्यापासून मोकळा झाला, तिच्यासाठी दाद कोणाकडे मागणार? आम्हाला उत्पादकाकडून काही नको आहे. विक्रेत्याने खरे सांगावे इतकेच हवे आहे.

आणि तसे सांगणे हा काही विक्रेत्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात वापरलेला, नूतनीकरण केलेला किंवा जुना माल नवा असल्याचे भासवून विकणे स्पष्टपणे येते. या कायद्यात व्यापारी हेतूने खरेदी करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना दाद मागता येणार नाही असा समज बाजारात आहे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी जो माल विकत घेऊन वापरतो, त्याची खरेदी व्यापारी हेतूची मानू नये, असा खुलासा त्याच व्याख्येत केलेला आहे. एकट्याने कामाचे टेबल चालवणाऱ्या कारागिराला तो लागू पडावा, असे मला वाटते. जाणकार वकिलांनी यावर आपल्या दैनिकातून लिहावे. अडचण येते ती पुराव्याची. बिलावर ‘आयसी’ एवढाच शब्द आणि रक्कम असते, आणि पुष्कळदा तर बिलच नसते.

हा हौशी लोकांच्या खेळण्यांचा प्रश्न आहे असे कोणाला वाटू नये. अमेरिकेच्या सिनेटच्या सशस्त्र दल समितीने मे 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिथल्या लष्करी पुरवठ्यात संशयित नकली भाग शिरल्याची सुमारे 1,800 प्रकरणे नोंदवली आहेत, आणि त्या भागांची संख्या दहा लाखांवर जाते. भंगारातल्या चिप्स घासून पुन्हा छापण्याची रीत तिथे वर्णन केलेली आहे, ती मी वर सांगितली त्याहून फारशी वेगळी नाही. ज्या काउंटरवरून मी मुस्तफासाठी झेड-80 घेतो, त्याच काउंटरवरून एखादा मेकॅनिक जुन्या औद्योगिक यंत्राच्या कार्डासाठी तीच आयसी घेत असतो. माझ्याकडे खेळ अडकतो. त्याच्याकडे काय अडकेल ते यंत्रावर अवलंबून आहे.

इलेक्ट्रॉनिक्स व्यापाऱ्यांच्या संघटनांना माझी सूचना अगदी साधी आहे. उत्पादन थांबलेली आयसी विकताना बिलावर चिपवरचा पूर्ण नंबर व तारखेचा आकडा लिहावा, आणि त्यापुढे ‘न वापरलेला जुना साठा’, ‘काढलेली, तपासलेली’ किंवा ‘काढलेली, न तपासलेली’ यांपैकी एक शब्दप्रयोग लिहावा. पाठ घासलेला माल ठेवायचाच नाही, असे संघटनेच्या सभासदांनी आपसांत ठरवावे. तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत प्रोग्रामर, भिंग आणि तपासणीचे बोर्ड असतातच. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून, माफक शुल्क घेऊन, बाजारातल्या अशा चिप्स तपासून देण्याची सोय त्यांना करता येईल. मुलांना एनमॉस आणि सीमॉस यांतला फरक तक्त्यावर शिकवण्यापेक्षा खऱ्या-खोट्या चिपवर दाखवला तर तो अधिक चांगला कळेल, आणि दुकानदारालाही आपला माल ‘तपासलेली’ म्हणून थोड्या चढ्या भावाने विकता येईल. तो चढा भाव द्यायला माझ्यासारखे कारागीर तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक बोर्ड दुरुस्ती कारागीर, पुणे